दुल्हाभाईंची गाडी

गाडी घ्यायची असं बशीरभाईंनी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडून निघून गेलं.

त्याचं असं झालं, की अहेरीला त्यांच्या बायकोच्या भावाच्या, आरिफच्या मुलीची, फरहाची मंगनी होती. पुरुषांची जेवणं आटोपली, पानं फिरली, आणि मंडपातल्या चारचौघांसमोर आरिफनं विचारलं, "दुल्हाभाई, निकाहले माझी जीप पाठवू का? एसटीनं येता अन् तुमच्या जैबुन आपाचे पाय सुजते."

आरिफ तेंदूपत्त्याचा ठेकेदार. आपल्याकडे जीप आहे ही गोष्ट तो नेहमी काळजीच्या सुरात सांगायचा, त्यामुळे समोरच्याला रागवायलाही जागा उरत नसे. बशीरभाईंचं सिंदेवाहीला चष्म्याचं दुकान. अर्धं गाव त्यांनी बसवलेल्या काचांमधून जग बघत होतं. अशा माणसासाठी दर कार्याला मेव्हण्याची जीप यावी हे बरं दिसत नव्हतं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "जीप कायले? आमी आमच्या गाडीनं येऊ."

ही गाडी त्या घटकेला त्रिभुवनात कुठेही नव्हती. पडद्यामागे बायकांच्या पंगतीत बसलेल्या सलीमाबींचा, बशीरभाईंच्या बायकोचा, घास हातातच राहिला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "दानिशचे अब्बा, कोणती गाडी?"

"घेऊ."

"कधी?"

"निकाहच्या आधी."

सलीमाबी मूल गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मूलच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "तिले परदे पाह्यजे." बशीरभाई हे संमतीपत्र समजले.

आता सिंदेवाहीत गाडी घेणं ही खाजगी बाब नसते. बशीरभाईंनी ही गोष्ट फक्त शेजारच्या देवाजीभाऊंना सांगितली. देवाजीभाऊ धानाचे शेतकरी. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, म्हणून चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल गावात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांनी ती जबाबदारी इतकी मनावर घेतली, की दुसऱ्या दिवशी दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सल्ला घेऊनच आलं. एक डोळा झाकून समोरच्या तक्त्याकडे बघणारा माणूससुद्धा "वरची ओळ वाचा" म्हटल्यावर म्हणायचा, "ते वाचतो, बशीरभाई, पण डिझेलची गाडी घेऊ नोका." मग दुसरा डोळा झाकून म्हणायचा, "घ्यायची तर डिझेलचीच घ्या." दोन डोळ्यांची दोन मतं असू शकतात हे बशीरभाईंना धंद्यामुळे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही.

त्यांची स्वतःची एकच इच्छा होती. गाडी पांढरी असावी. पांढरी वस्तू लांबून ओळखू येते, हे त्यांचं मत व्यावसायिक होतं. अहेरीच्या वळणावर गाडी दिसताच मंडपातल्या लोकांनी "आले" म्हणावं, एवढं चित्र त्यांनी मनात ठेवलं होतं.

रविवारी सगळे चंद्रपूरला शोरूममध्ये गेले. सगळे म्हणजे बशीरभाई, सलीमाबी, बशीरभाईंची थोरली विधवा बहीण जैबुन आपा, कॉलेजात शिकणारा दानिश आणि आठवीतली इक्रा. शिवाय तज्ज्ञ म्हणून देवाजीभाऊ, आणि त्यांची बायको शकुबाई. शकुबाईंना कुठल्याही वाहनात मळमळायचं. "जिच्यात इले नाई मळमळलं, ती गाडी एक नंबर," असा देवाजीभाऊंचा साधा हिशेब होता. या दोघांना निकाहचं आमंत्रण होतंच, म्हणजे गाडी त्यांच्याही अंगाला बसायला हवी होती.

शोरूममध्ये निमगडे नावाचा गळ्यात टाय बांधलेला तरुण होता. त्यानं सगळ्यांना थंड दिलं आणि एक ऐसपैस व्हॅन दाखवली. पुढे दोघं, मध्ये तिघं, मागे तिघं. "आठ सीटर आहे, साहेब. तुमचं पूर्ण कुटुंब बसून एक सीट उरते," तो म्हणाला. बशीरभाईंनी मान डोलावली. त्या सुखाच्या क्षणी ते उठून पैसे भरून आले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण निमगडेनं विचारलं, "बेसिक घ्याल, की ऑप्शनसकट?"

"ऑप्शन म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या आवडीनुसार, साहेब. वरून काय काय लावायचं ते."

आपली आवड कोणी विचारेल अशी त्या घरात कोणालाच सवय नव्हती. त्यामुळे एकदा विचारल्यावर मग आवरेना.

सलीमाबींनी आधी पडदे सांगितले. निमगडे म्हणाला, पडदे लावता येतील, पण पडदे ओढले की आत हवा राहणार नाही, तर एसी घ्यावा. एसी म्हटल्याबरोबर देवाजीभाऊ पुढे झाले. "एसी पेट्रोल पिते, बशीरभाई. गॅसची किट टाकून घ्या." निमगडेला हे पटलं. मात्र गॅसची टाकी मागे बसते, त्यामुळे सामानाची जागा जाते, त्यासाठी टपावर कॅरिअर लागेल. कॅरिअर आलं म्हणजे त्यावर चढायला मागे शिडी आली. शिडीमुळे मागच्या काचेतून ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून गाडी मागे घेताना वाजणारं हॉर्न हवं. ते हॉर्न सुरेल असतं हे कळताच इक्रा म्हणाली, "अब्बा, मी आजवर काही मागतलं का?" हे खरं नव्हतं, पण ती म्हणाली अशा आवाजात, की निमगडेचाही जीव हळहळला.

एवढ्यात जैबुन आपा दिसेनाशा झाल्या. शोधल्यावर पलीकडच्या नमुन्याच्या गाडीत सापडल्या. मधल्या रांगेत तीन माणसांच्या बाकाऐवजी दोन सुट्या खुर्च्या होत्या, हातांच्या, दाराकडे फिरणाऱ्या. त्यातल्या एकीत आपा बसल्या होत्या.

"आपा, उतर. दुसरी गाडी पाहून राह्यलो आपण."

"पाहा ना. मी इथीच बरी आहो."

"ही कॅप्टन सीट आहे," निमगडे म्हणाला. "ऑप्शनल."

"कॅप्टन कोण?" आपांनी विचारलं.

"जे बसतील ते."

आपांना आयुष्यात लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, कॅप्टन पहिल्यांदाच. शिवाय गुडघे दुखतात त्या बाईला चढताना खुर्चीच आपल्याकडे वळते, हे सुख काही थोडं नव्हतं. खुर्च्या ठरल्या.

दानिश इतका वेळ गप्प होता याचंच बशीरभाईंना कौतुक वाटत होतं. गप्प राहण्याचं कारण असं, की त्याला शोरूममधलं काहीच नको होतं. त्याला गाणी ऐकण्यासाठी मागे मोठा वूफर बसवायचा होता, आणि त्याची पेटी त्याचा मित्र गोपाल, जो सुतारकाम शिकला होता, तो गावातच बनवून देणार होता.

शेवटी बशीरभाईंनी घसा साफ केला. "अन् रंग पांढरा."

निमगडेनं फोन केला, दोनदा मान हलवली आणि आवाज मऊ केला. "साहेब, या सगळ्या ऑप्शनसकट पांढरी यायला वेळ लागेल. निकाहनंतर मिळेल. चंदेरी तयार आहे. मूनलाइट सिल्व्हर."

तो चांदणी रंग उन्हात नेऊन दाखवण्यात आला. आपांनी खुर्चीतूनच बघून सांगितलं, "राख."

गाडी ठरली. शकुबाईंना चाचणीच्या फेरीत मळमळलं नाही. सगळे खुशीत परतले. एक प्रश्न मात्र कोणाच्याही डोक्यात आला नाही, आणि तो आला गाडी पासिंगला नेली तेव्हा, तिथल्या बाबूच्या डोक्यात.

बाबूनं गाडीत डोकं घातलं, हवेत बोट नाचवत सीट मोजल्या आणि कागद बघितला. "कागदावर सात सीट आहेत. आत सहाच दिसतात."

"सात कशा? आठ आहेत ना," बशीरभाई म्हणाले.

"दोन खुर्च्या बसवल्या म्हणून आठाच्या सात झाल्या. ते कागदावर आहे. पण मागच्या तीन जागांपैकी एका जागेवर ही पेटी आहे. मग किती राहिल्या?"

"साहेब, मोजण्यात काही…"

बाबूनं नाकावरचा चष्मा वर सरकवला. "चष्मा तुमच्याच दुकानचा आहे, बशीरभाई."

त्याचे नंबर स्वतः बशीरभाईंनी काढले होते.

गाडी परत आली. दानिश आणि गोपालनं पेटी काढली, सीट जागेवर बसवली, गाडी पुन्हा नेली आणि पास करून आणली. त्याच संध्याकाळी पेटी परत बसली आणि सीट निघाली. काढलेली सीट ठेवायची कुठे, म्हणून ती दुकानात गेली, आणि डोळे तपासायला आलेली माणसं तिच्यावर बसून कमरेचा पट्टा लावून घेऊ लागली. गॅसची टाकीही दिमाखात बसली होती, फक्त तेव्हा गॅस भरायचा पंप नागपूरला होता. गॅस आणायला पेट्रोल जाळत नागपूरला जावं लागे, हे देवाजीभाऊंना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच दोन्ही पाह्यजे."

निकाहच्या सकाळी गाडी दारात उभी राहिली. गल्लीतले लोक जमले. शकुबाई पुढे बसल्या, कारण मागे बसल्यास मळमळणार नाही असा भरवसा त्या देवाजीभाऊंनाही देत नव्हत्या. दानिश चालवणार होता. बशीरभाईंना गाडी येत नव्हती. आपा आपल्या खुर्चीत बसल्या, दुसऱ्या खुर्चीत सलीमाबी. मागे इक्रा आणि देवाजीभाऊ. मिठाईच्या टोपल्या कॅरिअरवर चढल्या. बशीरभाईंनी स्वतः फिरून सगळं बघितलं, पडदे सारखे केले, सरकतं दार ओढून छानपैकी बंद केलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण बाहेर आहोत.

सगळे एकदम बोलू लागले. पेटी काढा, असं सलीमाबी म्हणाल्या. तिचे स्क्रू आता झाकले गेलेत, तारा तोडाव्या लागतील, असं दानिश म्हणाला. देवाजीभाऊ उतरायला निघाले. पाहुण्याला उतरवून मालकानं बसणं बशीरभाईंच्या रक्तात नव्हतं. "राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "मले तसंही दुकानाचं कुलूप पाहायचं आहे. मी मागून येतो." आणि गल्लीतले लोक बघत असताना, निकाहची शेरवानी घातलेले, अत्तर लावलेले बशीरभाई स्वतःच्या गाडीला हात करून एसटी स्टँडकडे चालू लागले.

मूलला बस बदलली. अहेरीच्या गाडीत त्यांना बसायला मिळालं, ते पाठीमागच्या चाकावर. शेजारच्या माणसानं विचारलं, "शादीले चालले का?" बशीरभाई हो म्हणाले. "गाडी नाई केली?" "केली आहे," ते म्हणाले. "पुढे गेली." त्या माणसानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढचा सगळा रस्ता बशीरभाई झोपल्यासारखे बसले.

तिकडे गाडी काही फार पुढे गेली नव्हती. आष्टीचा पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल लागतं, आणि त्या जंगलात वनखात्याचा एक नाका होता. नाकेदार कोलूजी आत्राम यांनी पडदे ओढलेली राखेच्या रंगाची गाडी येताना पाहिली आणि बांबू खाली केला. दार उघडायला लावलं. आत बायका, पोरगी, एक म्हातारा, आणि मागे एक मोठी लाकडी पेटी.

"पेटी कशाची?"

"सागवान, काका," दानिश अभिमानानं म्हणाला. "एकदम अस्सल. गोपालनं बनवली."

खरं बोलण्याला वेळकाळ असतो हे दानिशला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. कोलूजींनी पास मागितला. सागवान न्यायचं तर पास लागतो. दानिश म्हणाला, हे लाकूड नाही, वूफर आहे. कोलूजी म्हणाले, लाकूड आहे हे तूच सांगितलं. देवाजीभाऊंनी उतरून मध्यस्थी केली, आणि पेटी कोणत्या झाडाची असावी याबद्दल आपलं अनुभवी मत दिलं. त्यामुळे संशय अधिकच पक्का झाला.

"गाडीचा मालक कोण?" कोलूजींनी विचारलं.

"आमचे हे," सलीमाबी म्हणाल्या.

"कुठी आहे?"

"मागून एसटीनं येऊन राह्यले."

कोलूजींनी बऱ्याच वर्षांत बरीच कारणं ऐकली होती. फाटलेलं बांबूचं बिल, आजारी सासू, वाघ आडवा आला. पण मालक एसटीनं आणि पेटी गाडीत, हे त्यांना नवं होतं. त्यांनी गाडी बाजूला लावायला सांगितली आणि मटक्यातलं पाणी मात्र सगळ्यांना दिलं.

बस नाक्यावर आली तेव्हा बशीरभाईंनी खिडकीतून एक राखाडी व्हॅन पाहिली. आपल्यासारखाच रंग कोणी दुसऱ्यानंही घेतला, याचं त्यांना बरं वाटलं. मग दिसलं, की उघड्या दारातून खुर्ची रस्त्याकडे वळवून जैबुन आपा बसल्या आहेत आणि येणारी-जाणारी वाहनं तपासत आहेत. ते धडपडत उतरले. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस निघून गेली.

"तुमी मालक?" कोलूजींनी शेरवानी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"हो."

"मंग बसमधी काऊन?"

बशीरभाईंनी सांगितलं. पडद्यापासून सुरुवात केली, मग एसी, मग गॅस, कॅरिअर, शिडी, हॉर्न, खुर्च्या, पेटी. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान होत गेला. कोलूजींनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सारे गाडीत बसा बरं. जसे निघाले होते तसे."

सगळे बसले. शकुबाई पुढे, दानिश चाकापाशी, आपा, सलीमाबी, इक्रा, देवाजीभाऊ. दार बंद झालं. बशीरभाई बाहेर उभे राहिले. जंगलात कुठेतरी मोर ओरडला.

कोलूजींनी गाडीकडे पाहिलं, मग बशीरभाईंकडे. "हो," ते म्हणाले. "तुमीच मालक. दुसरा कोणी एवढ्यात भांडला असता."

पण पेटीचा प्रश्न राहिलाच. कोलूजी नियमानं चालणारे होते आणि मनानं वाईट नव्हते. पेटी नाक्यावर ठेवायची, गोपालकडून लाकडाची पावती आणून दाखवायची आणि घेऊन जायची, असं ठरलं. जे स्क्रू झाकले गेले होते, ते नाक्यावरच्या पेचकसानं चहा उकळायच्या आत निघाले. दानिश तोंड पाडून बघत राहिला. रिकाम्या झालेल्या जागेत सीट नव्हती, ती सिंदेवाहीला दुकानात होती. तिथे मिठाईची एक टोपली उलटी घालून बशीरभाईंना बसवण्यात आलं. मिठाई इक्राच्या मांडीवर गेली. अहेरीच्या वळणावर ते आले खरे, स्वतःच्या गाडीतून, पण एवढ्या खाली बसलेले, की मंडपातल्या लोकांना पडद्याच्या फटीतून फक्त त्यांची टोपी दिसली.

आरिफ सामोरा आला. गाडीतून एकेक जण उतरत गेला. सगळे उतरल्यावर त्यानं विचारलं, "दुल्हाभाई?" तेव्हा मागून शेरवानीला साखरेचे कण लागलेले बशीरभाई दोन्ही हात टेकत बाहेर आले.

आरिफ हसला नाही. तो गाडीभोवती फिरत होता. शिडीला हात लावला, पडदा सरकवून बघितला, खुर्ची एकदा फिरवली, मग पुन्हा फिरवली. दानिशनं गाडी सावलीत मागे घ्यायला सुरुवात केली आणि हॉर्नचं सुरेल संगीत चालू झालं. मंडपातली सगळी पोरं धावली. त्या दिवशी दानिशला गाडी किती वेळा मागे घ्यावी लागली याची गणती नाही. काझीसाहेबांनी एकदा थांबायला सांगितलं तेवढंच.

निकाह झाला. ऊन चढलं. नवरदेवाकडची मंडळी सिरोंच्याची, आणि रुखसतीची, पाठवणीची वेळ झाली, तेव्हा आरिफ बशीरभाईंना मंडपाच्या कोपऱ्यात घेऊन गेला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"दुल्हाभाई, एक बोलू का? फरहाले रात्रीपासून बुखार आहे. कोणाले सांगतलं नाई, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाई. मी तिले जीपनं पाठवणार होतो. पण जीप उघडी. एवढ्या गरम लूमधी सिरोंच्यापर्यंत…" त्यानं वाक्य सोडून दिलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमच्या गाडीत एसी आहे ना."

बशीरभाईंना उत्तरं सुचली होती. अनेक वर्षांची साठलेली, एकाहून एक सरस. त्यातलं एक तर इतकं छान होतं, की ते म्हणावंच असं त्यांना वाटलं. पण मंडपाच्या दारात फरहा उभी होती. जड ओढणीखाली तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती एका हातानं खांब धरून होती. लहानपणी हीच पोर त्यांच्या दुकानात येऊन सगळे चष्मे एकावर एक लावून बघायची.

"त्यात इचारायचं काय?" ते म्हणाले. "चाबी दानिशपाशी आहे. एसी आतापासून लाव म्हणा, गाडी थंड होऊ दे."

जैबुन आपांनी स्वतः फरहाला आपल्या खुर्चीत बसवलं, खुर्ची कशी फिरते ते दाखवलं, पडदे ओढून घेतले आणि कानात काहीतरी सांगितलं. रडून रडून थकलेली ती पोर त्यावर हसली. काय सांगितलं, ते आपांनी नंतर कोणालाही सांगितलं नाही. गाडी निघाली तेव्हा सगळी अहेरी बघत होती, आणि आरिफ शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगत होता, "दुल्हाभाईची गाडी. आमच्या दुल्हाभाईची."

दानिश दोन दिवसांनी परत येणार होता. बाकीचे संध्याकाळच्या एसटीनं निघाले. बस जवळजवळ रिकामी होती. आपा लांब बाकावर पाय पसरून बसल्या, शकुबाईंनी खिडकी उघडून डोळे मिटले, देवाजीभाऊ ड्रायव्हरला इंजिनच्या आवाजावरून सूचना देऊ लागले, आणि इक्रा उरलेली मिठाई खात बसली.

सलीमाबी बशीरभाईंच्या शेजारी बसल्या होत्या. आलापल्ली मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी आली की एक दिवस आपण दोघंच बसू तिच्यात. मोहर्लीच्या जंगलापर्यंत जाऊन येऊ."

"दोघंच कसे? चालवन कोण?"

"तुमी."

"मले येते का?"

"शिका ना. डोळे तर चांगले आहे तुमचे."

बशीरभाई हसले. मग उठले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, जिथून त्याचे पाय दिसतात, तिथे जाऊन बसले. देवाजीभाऊंनी सरकून जागा दिली. आष्टीचा पूल आला, समोरून बैलगाडी येत होती. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला. बशीरभाईंनी आपला पाय थोडा आधीच दाबला होता.